ट्रॉली रस्त्यात उभी करायची नाही

आमच्या सरांना कुणी "बरं आहे का?" असं विचारलं, तर ते नुसतं "बरं आहे" म्हणून सुटायचे नाहीत. "मी बरा आहे, कारण काल मला झोप चांगली लागली," असं म्हणायचे. स्टँडवरच्या चहावाल्यानं "सर, साखर कमी का जास्त?" विचारलं, की सर हातातली पिशवी खाली ठेवायचे, चष्मा नीट करायचे आणि सांगायचे, "तू जर साखर कमी टाकलीस, तर मी दुसराही कप घेईन." तोवर इकडं दूध उतू गेलेलं असायचं. चहावाला एकदा मला म्हणाला, "सर मानूस सोन्याचा हाय, पर गिऱ्हाईक म्हून लई टाइम खातंय."

हे आधीचं. आता सर तसं बोलत नाहीत, आणि ते का, हेच सांगायला बसलेय.

सर अंथुर्ण्याच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे आणि मी त्यांची विद्यार्थिनी. आता बारामतीत माझे स्वतःचे इंग्रजी बोलण्याचे क्लास आहेत. पाटीवर नाव माझं आहे, आत माल सगळा सरांचा. माझ्याकडं पेरू-डाळिंबाचे व्यापारी येतात, नर्सिंगच्या मुली येतात, परदेशी निघालेल्या सुना येतात, आणि त्या सगळ्यांना मी पहिल्या आठवड्यात ट्रॉली शिकवते.

ट्रॉली म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या वर्गाच्या खिडकीतून रस्ता दिसायचा. कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दिवसभर उसानं भरलेल्या ट्रॉल्या जायच्या, एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन, वर टेपची गाणी. बाकीचे शिक्षक खिडक्या लावून घ्यायचे. सर मुद्दाम उघडायला लावायचे.

"ते बघा," म्हणायचे. "पुढं ट्रॅक्टर. तो एकटा कुठंही जातो. शेतात जातो, पंपावर जातो, तुमच्या मामाच्या लग्नाला जातो. तो मेन क्लॉज. मागं ट्रॉली. माल सगळा तिच्यात, पण एकटी जागची हलत नाही. ती सबॉर्डिनेट क्लॉज. आणि मधे हूक. बिकॉज, व्हेन, इफ, व्हाइल, ऑल्दो, हे सगळे हूक." मग खडू वर उचलून, आवाज खाली आणून, "आणि एक लक्षात ठेवा. ट्रॉली रस्त्यात उभी करायची नाही."

व्याकरणाच्या पुस्तकात ही व्याख्या कुठंही सापडणार नाही, पण आमच्यातल्या एकाही मुलाला ती परत विचारावी लागली नाही.

उशीर झालेल्यांचे हाल असायचे. "व्हाय आर यू लेट?" सर विचारायचे. माझी मैत्रीण कोऱ्हाळ्याहून शेजारच्या गावी मामाकडं शिकायला आलेली, लाजरीबुजरी. ती कशीबशी म्हणायची, "बिकॉज द एसटी केम लेट, सर."

"ट्रॉली आली. ट्रॅक्टर कुठाय?"

मग तिनं परत दाराबाहेर जायचं, ट्रॅक्टर घेऊन आत यायचं आणि सबंध वाक्य म्हणायचं: "आय ॲम लेट बिकॉज द एसटी केम लेट." ते नीट झालं की अख्खा वर्ग "पों पों" करून हॉर्न वाजवायचा. सरांना ते आवडायचं. शेजारच्या वर्गातले गणिताचे मास्तर मात्र दोनदा तक्रार घेऊन आले होते.

ऑल्दोचं प्रकरण वेगळं. आमच्याकडं प्रत्येक पोर "ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट" असंच लिहितं. लिहिणारच. मराठीत जरी म्हटलं की तरी आलं, जर म्हटलं की तर आलं, जेव्हा म्हटलं की तेव्हा आलं. सर सांगायचे, "मराठी माणूस ट्रॉली दोन्ही बाजूंनी बांधतो, विश्वास नाही त्याचा. इंग्रज एका पिनेवर भागवतो. ऑल्दो ही एक पिन झाली. त्याच हुकात बटची दुसरी पिन ठोकायला गेलात तर बसेल का?" पिन बसत नाही हे ट्रॅक्टरवर वाढलेल्या पोरांना लगेच पटायचं. तरी परीक्षेत बट यायचाच, आणि सर तो लाल शाईनं असा खोडायचे की कागद पलीकडून फाटायचा. त्यावरून त्यांचं नाव पडलं ऑल्दो सर. अजूनही सर स्टँडवर उतरले की एखादा जुना विद्यार्थी ट्रॅक्टरवरून ओरडतो, "ऑल्दो!" आणि दुसरा कुठून तरी उत्तर देतो, "बट न्हाय!" सर हात वर करून दोघांनाही पास करतात.

मला मात्र सरांची पहिली शाबासकी मिळाली ती म्हशीमुळं. सरांचं घर शाळेच्या मागंच, आणि काकींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, परड्यात मेथी केली होती. मी मागच्या खिडकीशी बसायचे. बघते तर सरांची म्हैस दावं तोडून मेथीत. मी उभी राहून ओरडले, "सर, म्हैस!"

"इंग्लिश," सर फळ्याकडं तोंड करूनच म्हणाले.

"सर, बफेलो!"

"फुल सेन्टेन्स."

मला घाम फुटला. इकडं वाफा संपत चाललेला. मी जीव एकवटून म्हणाले, "सर, व्हाइल यू आर टीचिंग, द बफेलो इज ईटिंग युवर मेथी."

सर गर्रकन वळले. चेहरा असा उजळला की मी तो अजून विसरलेले नाही. "शाब्बास! कॉम्प्लेक्स सेन्टेन्स!" त्यांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं, व्हाइलखाली रेघ मारली, ट्रॉली कुठली आणि ट्रॅक्टर कुठला ते दाखवलं, आणि मग एकदम धोतराला हात घालून पळाले. त्या संध्याकाळी काकी मला म्हणाल्या, "वाक्य बरुबर हुतं म्हनं तुजं. मेथी गेली समदी."

त्याच म्हशीशी सर इंग्रजीत बोलायचे. यात हसण्यासारखं आहे, आणि आम्ही हसायचोही. धार काढताना कुंपणाच्या पलीकडं ऐकू यायचं: "इफ यू स्टँड स्टिल, आय विल गिव्ह यू मोअर पेंड." म्हैस शांत उभी राहायची. पण आता विचार करते तेव्हा वाटतं, बिचारे दुसरं कुणाशी बोलणार होते? त्यांनी इंग्रजी उचलली ती पुस्तकातून आणि रेडिओवरून. पंचक्रोशीत ती भाषा येणारे होते, पण ते मार्कांपुरते. समोर बसून इंग्रजीत गप्पा मारेल असं माणूस त्यांना कधी मिळालंच नाही. एक मुलगी होती, आमची ताई. ती तयार झाली, इंजिनियर झाली आणि लग्न होऊन थेट इंग्लंडला गेली. काकी भांडणात एक वाक्य हुकमी काढायच्या, "तुमी शिकिवलं म्हून गेली. न शिकिवती तर हितं बारामतीत दिली असती." सर ते वाक्य मनात तपासायचे. त्यात चूक सापडायची नाही.

ताईला मुलगी झाली, ईरा. व्हिडिओ कॉलवर ती "हाय आजोबा" म्हणायची आणि "बाय आजोबा" म्हणायची, मधलं सगळं ताई बोलायची. सर निवृत्त झाले होते, वेळ जाता जात नव्हता. ईरा सात वर्षांची झाली आणि नाताळच्या सुट्टीत ताई तिला घेऊन येणार असं ठरलं, तेव्हा सरांनी चहावाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना थांबवून सांगितलं, "जी भाषा मी आयुष्यभर शिकवली, ती बोलणारं माणूस आता माझ्या घरात येतंय." नवा शर्ट शिवला. नातीला काय काय विचारायचं, त्याची तालीम महिनाभर म्हशीपुढं चालली होती.

ईरा आली आणि पहिल्याच जेवणाला घात झाला. मी तिथं नव्हते, पण काकींनी मला ते इतक्या वेळा सांगितलंय की मी पाटावरच बसले होते असं वाटतं. ईरानं वांग्याचं भरीत बाजूला सारलं. सरांनी तालमीतला प्रश्न टाकला, "व्हाय आर यू नॉट ईटिंग?"

"कॉज इट्स स्पायसी," ईरा म्हणाली.

"बिकॉज," सर म्हणाले. "अँड दॅट इज ओन्ली हाफ अ सेन्टेन्स. गिव्ह मी द फुल सेन्टेन्स."

पोरगी गोंधळली. "बट यू आस्क्ड मी व्हाय."

"डोन्ट बिगिन विथ बट."

ईराचे डोळे भरले. ताईनं ताट सरकवलं आणि म्हणाली, "आप्पा, ती जन्मली तिथं! तिची इंग्रजी चुकेल कशी?" रात्री ईरानं आईला विचारलं म्हणे, की आजोबांशी बोलताना माझं सगळं चुकतं का. आणि दुसऱ्या दिवसापासून ती सरांशी बोलेनाशी झाली. विचारलं तर मान हलवायची, होय किंवा नाही. काकींशी मात्र गट्टी. काकी अंथुर्ण्याचं मराठी बोलायच्या, ईरा इंग्लंडचं इंग्रजी, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि गोठ्यात दिवसभर गप्पा चालायच्या. सर दाराच्या चौकटीत उभे राहून ऐकायचे.

मग एक दिवस सर एसटीनं बारामतीला माझ्या क्लासात आले आणि शेवटच्या बाकावर बसले. क्लास सुटला तरी उठेनात. मी जवळ गेले तेव्हा म्हणाले, "पोरी, ज्या भाषेची मी आयुष्यभर वाट बघितली, ती माझ्या घरात येऊन बसली आहे आणि माझ्याशीच बोलत नाही." वाक्य नेहमीसारखं पूर्ण होतं, पण आवाज सरांचा नव्हता. मला रडू आलं. मी पाणी आणायच्या निमित्तानं आत गेले.

परत येऊन म्हटलं, "सर, रागावू नका. पण घराघरात ती माणसं तशीच बोलतात. मी क्लासात त्यांचे बोलण्याचे व्हिडिओ लावते ना, त्यात हेच असतं. व्हाय विचारलं की नुसतं बिकॉजनं सांगतात. इफ यू लाइक म्हणतात आणि गप्प बसतात. व्हेन यू आर रेडी म्हणतात आणि चालायला लागतात."

"मग त्यांचा ट्रॅक्टर कुठं असतो?"

"समोरच्याकडं असतो. तुम्ही व्हाय विचारलंत, तेव्हा ट्रॅक्टर तुम्हीच घेऊन उभे होता. तिनं फक्त ट्रॉली जोडली."

सरांनी बोटानं बाकावर एक ट्रॉली ओढून बघितली. मग मान हलवली. "म्हणजे मी जर तिथं नसतो, तर ट्रॉली रस्त्यातच. नाही पटत मला." हट्टी माणूस. सुट्टी तर संपत आलेली. मी म्हटलं, चला, रविवारी माझ्या गाडीतून नरसिंहपूरला जाऊन येऊ सगळे, काकींचं कुलदैवत आहे, दर्शनही होईल.

निघालो. सर माझ्या शेजारी पुढं, मागं काकी, ताई आणि मधे ईरा. मागं कलकलाट, पुढं सुतक. इंदापूरकडून खाली उतरलो आणि कालव्याच्या पुलाच्या अलीकडं गाड्या थांबलेल्या. बघितलं तर चढाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या अगदी मधोमध, उसानं भरलेली एक ट्रॉली उभी. एकटी. पुढं ट्रॅक्टर नाही, माणूस नाही. मी सरांकडं चोरून बघितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली होती.

ऊन होतं म्हणून आम्ही खाली उतरलो. ट्रॉलीच्या सावलीत एक ऊसतोडीची बाई बसली होती. ईरा ट्रॉलीभोवती फिरली, पुढचा रिकामा हूक बघितला आणि कुणालाच नाही असं विचारलं, "व्हेअर्स इट्स ट्रॅक्टर?"

गोठ्यातल्या गप्पा सोडल्या, तर इतक्या दिवसांत सरांच्या कानावर पडलेला तिचा तो पहिला प्रश्न. सरांनी तो घाईघाईनं बाईला विचारला, "बाई, ट्रॅक्टर कुठं आहे?"

"चढ हाय न्हवं," बाई म्हणाली. "दोन्ही एकदम वढत न्हाय त्यो. म्होरली वर ठिवून येतोय, मग हिला नेतोय."

"आणि तोवर ही अशीच?"

"चाकाला दगडं लावल्यात की. कुठं जातीया ती?"

ईराला यातलं काही कळलं नाही. ती सरांचा हात हलवून म्हणाली, "बट व्हाय डिड ही लीव्ह इट?"

"बिकॉज देअर इज अ हिल," सर म्हणाले.

म्हणाले आणि थांबले. ईरा त्यांच्याकडं बघत होती. तिचे डोळे हळूहळू मोठे झाले, गालाला खळी पडली, आणि ती त्या सगळ्या थांबलेल्या गाड्यांना ऐकू जाईल एवढ्यानं ओरडली, "फुल सेन्टेन्स, आजोबा!"

ताईनं तोंडावर हात धरला. सरांचे कान लाल झाले. इतकी वर्षं मी त्या माणसाला ओळखते, पण पुढं ते काय करतील हे मला सांगता आलं नसतं. सर वळले, गाडीच्या मागं गेले, दाराबाहेर जायचं तसं क्षणभर तिथं उभे राहिले, आणि परत पुढं येऊन, हाताची घडी घालून, शाळकरी पोरासारखे म्हणाले, "ही लेफ्ट इट बिकॉज देअर इज अ हिल."

मी खिडकीतून हात घातला आणि गाडीचा हॉर्न दाबला, पों पों. सर खदखदून हसले. ईरा हसता हसता रस्त्यात बसली. ऊसतोडीच्या बाईला वाटलं असेल, ही माणसं दर्शनाला निघालीत का आणखी कुठं.

ट्रॅक्टर खरंच परत आला. ड्रायव्हरनं मागं घेतला, हूक जुळवला, वरून पिन सोडली, बाईनं चाकाखालचे दगड काढले, आणि ट्रॉली चढायला लागली. सर आणि ईरा हातात हात घालून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत होते. काकी गाडीतून म्हणाल्या, "चला आता. देव काय हितं येनार हाय का?"

त्या दिवसापासून दोघांचा खेळ सुरू झाला. एकानं ट्रॉली सोडायची, दुसऱ्यानं ट्रॅक्टर आणायचा. परतीच्या वाटेवर ईरा पुढं सरांच्या मांडीवर. "इफ दॅट गोट हॅड ग्लासेस," ती म्हणायची. "इट वुड लुक लाइक मी," सर म्हणायचे. सर म्हणायचे, "व्हेन युवर आजी इज अँग्री," ईरा म्हणायची, "द बफेलो हाइड्स!" काकी विचारायच्या, काय म्हणली, काय म्हणली, आणि दोघं सांगायचे नाहीत. सरांनी त्या चार दिवसांत कधी नव्हे एवढी अर्धी वाक्यं बोलून घेतली. चहावाल्यानं साखरेचं विचारलं तर म्हणाले, "तू म्हणशील तशी." चहावाल्यानं मला फोन करून विचारलं, सरांची तब्येत बरी आहे ना.

निघायच्या दिवशी मीही गेले होते. विमानतळाला जाणारी गाडी दारात आली. ताई पाया पडली, काकींनी ईराच्या खिशात शेंगदाण्याचे लाडू कोंबले. सर दोन्ही हात मागं बांधून उभे होते. गाडी सुरू झाली तशी ईरानं काच खाली केली, काचेवर हनुवटी टेकवली आणि म्हणाली, "आजोबा, व्हेन आय कम बॅक..."

आणि थांबली. त्यांच्या खेळातलं थांबणं. ट्रॉली सोडली होती, आता ट्रॅक्टर सरांनी आणायचा.

सरांनी तोंड उघडलं. अर्ध्या तालुक्याकडून ज्यानं मेन क्लॉज वसूल केले, त्या माणसाला एक मेन क्लॉज सुचेना. ईरा वाट बघत हसत राहिली, आणि गाडी हलली, शाळेच्या कोपऱ्यावरून वळली आणि गेली.

मग काकींनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "काय म्हनली वो पोरगी?"

"म्हणाली, जेव्हा मी परत येईन."

"जवा म्हनली तर तवाबी म्हनली आसंल की. तवा काय?"

सर रस्त्याकडंच बघत होते. आम्हा विद्यार्थ्यांसमोर त्यांनी गावची बोली कधी तोंडात येऊ दिली नव्हती. त्या दिवशी ती आपोआप आली.

"तवा तिच्याकडंच ऱ्हायलंय," सर म्हणाले. "चढ हाय न्हवं. म्हून ट्रॉली हितं सोडून गेलीया. ऱ्हाऊ दी उभी. येतीया न्यायला."